एकत्र येण्याची जागा

प्रविण नोकरीत कायम होणार की नाही हे नऊ मजल्यांच्या एका इमारतीच्या पडण्यावर अवलंबून होते, आणि प्रविणचे लग्न होणार की नाही हे त्याच्या कायम होण्यावर. म्हणजे इमारतीच्या खांबांत स्फोटके ठासायची, ती जमीनदोस्त करायची आणि त्या ढिगाऱ्यातून अक्षता वेचून घ्यायच्या, असा एकंदर बेत होता. स्फोटके ठासून झाली होती. आता फक्त गाव रिकामे करायचे बाकी होते.

गाव करंजवाडी. रोह्याजवळ, कुंडलिका नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की अष्टमी हे पलीकडचे गाव. इमारत होती तिथल्या बंद पडलेल्या रसायन कंपनीची. कंपनी बंद झाल्यावर आधी मालक गेला, मग यंत्रे भंगारात गेली, मग खिडक्या-दरवाजे ज्यांना आवडले त्यांच्या घरी गेले. इमारत तेवढी उचलून नेता येईना म्हणून उभी राहिली. पुढे जागा विकत घेणाऱ्याला तिथे गोदाम बांधायचे होते, म्हणून त्याने हैदराबादहून स्फोटवाले आणले, आणि स्फोटवाल्यांनी स्थानिक माणूस हवा म्हणून प्रविणला सहा महिने प्रोबेशनवर घेतले. त्याच्या ओळखपत्रावर 'निर्गमन समन्वयक' असे छापले होते. पूर्वी हेच काम गावचा दवंडीवाला करायचा. त्याच्या गळ्यात ओळखपत्राऐवजी डफ असायचा, एवढाच फरक.

प्रविण मूळचा करंजवाडीचाच, पण शिकायला लहानपणापासून पेणला मामाकडे. तिथेच शाळेत निशिगंधा भेटली आणि पुढे सगळे यथासांग झाले. यथासांग झाले नाही ते एवढेच, की निशिगंधाचे वडील गुणाजी म्हात्रे निघाले. गुणाजीसाहेब म्हणजे करंजवाडीच्या याच कंपनीचे निवृत्त सुरक्षा अधिकारी. घरात गॅसची शेगडी पेटवण्याआधीही सगळ्यांना दोन पावले मागे सरायला लावणारा माणूस. प्रविण मागणी घालायला गेला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पर्मनंट आहेस?"

"प्रोबेशनवर आहे. पण ही बिल्डिंग नीट पडली की साहेब पत्र देणार आहेत."

"प्रोबेशनवरच्या माणसाला मी हेल्मेट देत नव्हतो," गुणाजीसाहेब म्हणाले, "मुलगी कशी देऊ?"

तेव्हापासून प्रविण त्या इमारतीकडे भक्तिभावाने बघत असे. कामही त्याने भक्तिभावानेच केले. दोन दिवस रिक्षावर कर्णा लावून गावभर फिरला. "रविवारी सकाळी भोंगा वाजला की सगळ्यांनी घराबाहेर पडायचं! अष्टमीला शाळेच्या मैदानात मंडप आहे, पोहे-चहा आहे!" लोकांनी माना डोलावल्या. एकानेही शंका विचारली नाही. ज्या गावात पाण्याच्या पाइपाची दिशा ठरवायला तीन ग्रामसभा लागतात, ते गाव काहीच विचारत नाही, याचा अर्थ आपण समजावून सांगितले तरी किती छान, असा प्रविणने काढला.

भोंग्याची कल्पनाही त्याचीच. स्फोटवाल्यांकडे स्वतःचा भोंगा होता, पण तो वाजला की करडू हरवलेल्या शेळीची आठवण व्हायची. प्रविणने इमारतीच्या गच्चीवरचा कंपनीचा जुना भोंगा दुरुस्त करून घेतला. त्याचा आवाज पार नदीपलीकडे जात असे.

"लोकल नॉलेज!" स्फोटवाल्यांचे मोठे साहेब खूश झाले. "यही तो चाहिए. प्रविण, ये काम ठीक से हुआ तो तुम्हारा लेटर पक्का."

रविवारी सकाळी प्रविण घरातून निघाला तेव्हा त्याची आई रंभा नवे पातळ नेसून, स्टीलचा पेला हातात घेऊन ओट्यावर तयार बसली होती.

"आई, पेला कशाला?"

"चाय हाय ना?"

"हाय की. अष्टमीला."

"तो मागारचा. पयला इथला," रंभा म्हणाली.

कोणाचा कुठला चहा हे विचारायला प्रविणला वेळ नव्हता. त्याला नोकरीत कायम व्हायचे होते.

दहाच्या सुमारास भोंगा झाला. तीन वेळा, तुटक तुटक. गेटबाहेर लांबवर उभारलेल्या मचाणावर मोठे साहेब, हवालदार आणि प्रविण उभे होते. भोंगा थांबतो न थांबतो तोच करंजवाडीतली सगळी दारे एकदम उघडली. म्हातारे, बाया, पोरे, कडेवरची लेकरे, सगळी बाहेर. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. दाराला कडी लावून माणसे रांगेत चालू लागली. मोठ्या साहेबांच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि दुर्बिणीखाली तोंड उघडे पडले होते.

"बीस साल में ऐसा गाव नहीं देखा," ते म्हणाले.

प्रविणच्या कानात सनई वाजू लागली. रांग तिठ्यावर आली. तिथून डावा रस्ता पुलाकडे, अष्टमीला जात होता आणि उजवा कंपनीच्या गेटकडे. रांग उजवीकडे वळली.

"शॉर्टकट है?" साहेबांनी विचारले.

शॉर्टकट नव्हता. पोलिसांनी बांधलेली लाल-पांढरी पट्टी पुढच्याने उचलून मागच्यासाठी धरली, मागच्याने त्याच्या मागच्यासाठी, आणि अख्खे करंजवाडी गाव अदबीने वाकून आत शिरले. गेटमधून सरळ जाऊन, डावीकडे वळून, खांबाखांबांत स्फोटके ठासलेल्या त्या नऊ मजली इमारतीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. तिथे एक गंजलेली हिरवी पाटी होती. पाटीवर चार बाण एकमेकांकडे तोंड करून होते, मध्ये चार माणसे, आणि खाली लिहिले होते, 'एकत्र येण्याची जागा'.

मोठ्या साहेबांनी दुर्बीण खाली केली. मग त्यांनी स्फोटाच्या बटणाची चावी काढून खिशात घातली, खिशावर हात दाबून धरला आणि प्रविणकडे पाहिले. सनई थांबली.

प्रविण धावत आत गेला. कंपनीत जन्म काढलेला रघूकाका एका पालथ्या पिंपावर चढून माणसे मोजत होता.

"रघूकाका! इकडं कशाला आलाव सगळी?"

"भोंगा झाला ना."

"भोंगा झाला की लांब जायचं होतं!"

"असा कंचा भोंगा असतो?" रघूकाकाने पिंपावरून कीव केली. "तीन तुटक म्हंजे धोका. धोका म्हंजे पाटीखाली जमायचं, हजेरी द्यायची, चाय-वडा घ्यायचा. मंग एक लांब भोंगा होतो, 'सर्व सुरक्षित'चा. त्यो झाला की घरी. तू पेणला होतास, तुला काय म्हाईत? म्हात्रेसायबांनी पार गावाला शिकवलानी. मॉक ड्रिलमधी करंजवाडीचा जिल्ह्यात पयला नंबर हाय!"

हे खरे होते. गुणाजी म्हात्र्यांनी आपल्या कारकिर्दीत वर्षातून दोनदा, कामगारांसकट अख्ख्या गावाचा सराव घेतला होता. खरा धोका कधीच आला नाही. गॅस एकदाच सुटला, पण त्या दिवशी भोंगा बिघडलेला असल्याने कोणी घाबरले नाही. सराव मात्र चुकला नाही. पोरे पाढे शिकण्याआधी पाटीखाली जमायला शिकली. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू आधी तुळस दाखवायची, मग पाटी.

"अरे पण आज ही बिल्डिंगच पडणार आहे! वर स्फोटकं आहेत, काका!"

"म्हंजे धोका हायच ना?"

"हाय!"

"मंग आम्ही बरोबर जागी हाव," रघूकाका म्हणाला आणि पुन्हा मोजू लागला.

"मी अष्टमीला जायला सांगितलं होतं!"

"जाऊ की. आधी हजेरी, मंग अष्टमी. हजेरीबिगर हललं तर मेलेल्यांत धरतात."

तोवर हवालदार काठी आपटत आला. "उठा, चला, निघा इथून!" तो गरजला आणि काठी उगारली. काठी वर गेलेली दिसताच उभे असलेले गाव एका दमात खाली बसले. करंजवाडीत गेटच्या आत पोलिसाने काठी उगारली की मांडी घालून बसायचे, हे युनियनने शिकवले होते. भोंग्यावर जमायचे, हे कंपनीने. गाव दोन्हीकडून सुशिक्षित होते.

"एक मानूस कमी हाय," रघूकाकाने पिंपावरून जाहीर केले. "धोंडूआत्या नाय."

धोंडुबाई सापडली, पण ती अष्टमीला. प्रविणने सांगितल्याप्रमाणे वागलेली ती गावातली एकटी बाई. सकाळीच पूल ओलांडून रिकाम्या मंडपात पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली होती. ही बातमी फोनवर कळताच गावात नाराजी पसरली.

"तिला कवाच शिस्त नव्हती गो," रंभा शेजारणीला म्हणाली.

मोठ्या साहेबांचा जीव आता वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. भरलेली स्फोटके काढता येत नव्हती, तशीच ठेवता येत नव्हती, आणि परवानगी दुपारपर्यंतचीच होती. "प्रविण! इनको बाहर निकालो! जो माँगते हैं दे दो!"

प्रविणला एक युक्ती सुचली. अष्टमीचे पोहे नि चहा टेम्पोत घालून गेटपर्यंत आणायचे, गावाला वास दाखवायचा आणि टेम्पो हळूहळू परत न्यायचा. बैलाला वैरण दाखवून गोठ्यात नेतात तसे. टेम्पो आला. पण त्यात पोह्यांच्या पातेल्याशेजारी धोंडुबाई बसली होती. आपल्यावाचून हजेरी अडली हे कळल्यावर तिला अष्टमीत घास गोड लागणार नव्हता. तिने ड्रायव्हरला गेटवर थांबूच दिले नाही. टेम्पो थेट पाटीखाली आला, धोंडुबाई उतरली, पातेले उतरले, आणि प्रविणच्या डोळ्यांदेखत कागदी बशा फिरू लागल्या.

"हजेरी पुरी!" रघूकाका ओरडला. टाळ्या पडल्या. "आता लांब भोंगा द्या, आम्ही घरी जाताव."

"घरी नाय जायचं! घरंपण धोक्याच्या हद्दीत हायत!"

"'सर्व सुरक्षित' झाल्यावर घरीच जातात," रघूकाका बशी पुसत म्हणाला. "नायतर म्हात्रेसायबांना बोलव. ते सांगतील तसं."

प्रविणने जगात ज्या एका माणसासमोर आज नापास व्हायचे नव्हते, त्याच माणसाला फोन लावला.

"साहेब, करंजवाडीची सगळी माणसं बिल्डिंगखाली जमलीत."

"भोंग्यापासून किती वेळात?" गुणाजीसाहेबांनी विचारले.

"वेळ नाही बघितली. दहा मिनिटं असतील."

"दहा वर्षांनी, सराव नसताना!" पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "हजेरी?"

"झाली. साहेब, पण ती बिल्डिंग पाडायचीय! तुम्ही जमायची जागा बिल्डिंगच्या खाली कशी ठेवलीत?"

"सावली होती. आपली माणसं उन्हात उभी राहत नाहीत."

"आणि बिल्डिंग पडली असती तर?"

"पडायची नव्हती तेव्हा," गुणाजीसाहेब म्हणाले. "कुणाला हलू देऊ नकोस. मी निघालो."

पेणहून रोह्याला यायला हायवे आहे. त्याचे काम चालू आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यावरून गुणाजीसाहेब पोचेपर्यंत पोहे संपले, चहाची दुसरी फेरी झाली आणि मोठे साहेब तीनदा देवळाच्या दिशेने तोंड करून पुटपुटले. गुणाजीसाहेब आले ते इस्त्री केलेले नारिंगी जाकीट घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून. त्यांना पाहताच बसलेले गाव उभे राहिले. कित्येकांनी नमस्कार केला. स्फोटकांनी भरलेल्या इमारतीखाली इतक्या प्रसन्न मुद्रेने उभा राहिलेला माणूस मोठ्या साहेबांनी आजवर पाहिला नव्हता.

"साहेब, यांना अष्टमीला जायला सांगा," प्रविण अजिजीने म्हणाला.

"कसं सांगू? अष्टमीला पाटी कुठाय?"

"मग मी ही पाटीच अष्टमीला नेऊ का?" प्रविण वैतागून म्हणाला.

गुणाजीसाहेबांनी हेल्मेट मागे सारून विचार केला. "नियमात बसतं," ते शेवटी म्हणाले. "एकत्र येण्याची जागा बदलायचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याला असतो." मग गर्दीकडे वळून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले, "मी ठरवलंय! पाटी अष्टमीला हलवायची! सगळ्यांनी पाटीच्या मागून यायचं!"

मी, ते म्हणाले. प्रविणने ते ऐकले, पण तो त्या वेळी दोन्ही हातांनी पाटी उपटत होता. पाटी टेम्पोत उभी केली. टेम्पो पायी चालीने निघाला, पुढे पाटी धरून गुणाजीसाहेब, मागे अख्खे करंजवाडी. पुलावर दोन मोटरसायकलवाल्यांनी उतरून पाटीला हात जोडले. अष्टमीच्या मैदानात पाटी रोवली गेली आणि गाव तिच्याभोवती शिस्तीत उभे राहिले. रघूकाकाने पुन्हा हजेरी घेतली. या खेपेला धोंडुबाई पहिली होती.

इकडे मोठ्या साहेबांनी रिकाम्या गावाची खात्री करून घेतली, खिशातून चावी काढली आणि बटण दाबले. आधी खालच्या खांबांतून धाडधाड आवाज आले, मग क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग ती एवढी मोठी इमारत गुडघ्यांत वाकल्यासारखी झाली नि जागच्या जागी बसत बसत खाली गेली. पंचवीस-तीस वर्षे तीन पाळ्यांत माणसे राबवून घेणारी ती इमारत, पोहे खायला लागला त्याहून कमी वेळात संपली. धुळीचा लोट नदीपर्यंत आला. एकाही घराची काच फुटली नाही. पलीकडच्या तीरावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रघूकाकाने टोपी काढून हातात घेतली आणि त्याच टोपीने डोळे टिपले.

मोठे साहेब पूल ओलांडून आले ते हात पसरूनच. प्रविणने शर्ट खोचला. साहेब त्याच्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी गुणाजीसाहेबांना मिठी मारली.

"पूरा गाव ऐसे हिलाया! पाटी उठाई और पब्लिक पीछे! आप जैसा आदमी मुझे चाहिए. आज से आप हमारे सेफ्टी अॅडवायझर. पर्मनंट!"

ज्या माणसाने धोक्याच्या वेळी जमायची जागा धोक्याच्या बरोबर खाली ठरवली होती, त्याने नम्रपणे मान तुकवली. "प्रोबेशन नको?" त्याने विचारले. तत्त्वाचा माणूस.

"आपको कैसा प्रोबेशन! और ये प्रविण आपके अंडर रहेगा. आप बोलोगे तो इसका लेटर भी आज ही."

प्रविणच्या जिवात जीव आला. नोकरीचे पत्र सासऱ्याच्या हातात, याहून आणखी काय हवे? तो वाकून गुणाजीसाहेबांच्या पाया पडला. रंभाही पदर सावरत पुढे आली.

"म्हंजे साहेब, आता पोर पर्मनंट झाला, तर लगनाचं..."

"थांबा," गुणाजीसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता वडील नव्हते, अधिकारी होता. "सुरक्षेच्या खात्यात सासरा-जावई एकमेकांच्या हाताखाली चालत नाहीत. नात्यात अपघात लपवले जातात. काय साहेब?"

"करेक्ट," मोठे साहेब म्हणाले. "हमारे यहाँ भी वही रूल है."

"म्हणजे बघ, प्रविण," गुणाजीसाहेबांनी अत्यंत मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पर्मनंट झालास, तर मुलगी द्यायला माझी ना नाही. पण मुलगी दिली, तर तू पर्मनंट राहू शकत नाहीस. आणि पर्मनंट नसशील तर मुलगी मी देत नाही. यात माझं वैयक्तिक काहीच नाही."

"मग साहेब, तुम्ही ही नोकरी नाही घेतली तर?" प्रविणने कसेबसे विचारले.

"मी?" गुणाजीसाहेबांना धक्का बसला. "आणि या लोकांच्या सुरक्षेचं काय?"

लोक अजून पाटीभोवती उभेच होते. मोठ्या साहेबांनी हात हलवून सांगितले, सब सेफ है, घर जाओ. कोणी हलले नाही. हवालदाराने विनवले. काठी उगारायची चूक त्याने पुन्हा केली नाही.

"लांब भोंगा झाला नाय अजून," रघूकाका म्हणाला.

भोंगा ढिगाऱ्याखाली नवव्या मजल्यासकट गेला होता. हैदराबादचा भोंगा वाजवून पाहिला, तर गाव शेळी शोधू लागले. ऊन चढले. लेकरे रडू लागली.

"भोंगा नसेल तेव्हा माणसाने तोंडाने द्यायचा, अशी तरतूद आहे," नव्या सुरक्षा सल्लागारांनी घड्याळ काढत सांगितले. "एक मिनिट, सलग. प्रविण, चढ टेम्पोवर."

प्रविण टेम्पोवर चढला. खाली पाहिले तर गुणाजीसाहेब घड्याळावर डोळे लावून, मोठे साहेब गुणाजीसाहेबांवर डोळे लावून, आणि आई दोघांकडे आळीपाळीने बघत, लगीन ठरले की मोडले हे अजून न उमगलेली. पेणला निशिगंधा फोनची वाट बघत असणार. त्याने आकाशाकडे तोंड केले आणि आवाज सोडला.

तो आवाज बेंबीच्या देठापासून आला. कुंडलिकेवरून गेला, धुळीच्या ढिगावरून गेला, पार डोंगराला लागून परत आला. मिनिट झाले तरी थांबेना. गुणाजीसाहेबांनी दोनदा हात वर केला, तरी थांबेना. अष्टमीतली कुत्री आधी भुंकली, मग बसून ऐकू लागली.

गावाने समाधानाने माना हलवल्या, पेले उचलले आणि रांगेने पुलाकडे निघाले.

"कंपनीच्या टायमालापण असा भोंगा व्हत नव्हता," धोंडुबाई पुलावर म्हणाली. "पोरगा जीव लावून काम करतो गो."

"मंग?" रंभा म्हणाली. "पर्मनंट हाय आता."